हेरंबचं ‘छान’

मनोरुग्णालयात आपल्या भावाला, हेरंबला, भेटायला आलेल्या केतकीला त्याच्या मनगटांवर वळ दिसले. “ताई, मला खाटेला बांधतात,” तो पुटपुटला. ती तरातरा अधीक्षक दाभाड्यांकडे गेली. ते हसले. “अहो बाई, वेड्याचं बोलणं काय मनावर घेता!”

तेवढ्यात तपासणी समिती आली. दाभाड्यांनी हेरंबलाच पुढे केलं. “सांग बेटा, इथं कसं वाटतं?”

“छान,” पढवलेला हेरंब खाली बघत म्हणाला.

“ऐकलंत?” दाभाडे फुलले.

केतकी उसळली. “बांधतात म्हणाला तेव्हा वेडा, आणि तुमचं कौतुक केल्याबरोबर शहाणा? साहेब, एक काय ते ठरवा. वेडा असेल तर ‘छान’ खोटं. शहाणा असेल तर दोरीही खरी!”

समितीच्या अध्यक्षबाई हेरंबकडे वळल्या. “कुठली खाट, बाळ? चल, दाखव मला.”