सर्वत्र सापडणारा सूक्ष्मजीव

एकदा एका वृद्ध वैज्ञानिकाकडे त्यांचा शिष्य धापा टाकत आला. दोघे तळ्यांच्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत. त्यांच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होते. ते पाण्यातल्या पेशींना बारीक नळीतून एकेक करून लेझरसमोरून नेई, प्रत्येकीची चमक पडद्यावर ठिपक्याने दाखवी आणि हव्या त्या पेशी वेचून वेगळ्या काढी.

"सर, नवा जीव सापडला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपक्यांचा थवाच आहे. उद्या परिषदेत जाहीर करतो. नावही तुमचंच दिलंय."

"वेचून वाढवून पाहिलास?"

"वाढत नाही. काही खातही नाही."

"मग जगतो कशावर?"

"फार संयमी आहे, सर."

"मग माझं नाव काढ. आमच्या घरी कोणी विश्वास ठेवणार नाही."

एवढे बोलून ते आतल्या खोलीत गेले आणि तीन बाटल्या घेऊन आले. कोणत्याच बाटलीवर चिठ्ठी नव्हती. "ह्या यंत्राला लाव," एवढेच म्हणाले.

पहिली लावली. कोपऱ्यात तोच थवा. दुसरी लावली. पुन्हा तोच. तिसरी लावेपर्यंत शिष्याचा आवाज चढला होता. "सर, हा जीव पृथ्वीभर पसरलाय. हे पाणी आणलं कुठल्या तळ्यांचं?"

"एकाही तळ्याचं नाही. आत्ताच गाळलेलं शुद्ध पाणी आहे. तिन्ही बाटल्यांत."

शिष्य खुर्चीत बसला.

"नळ्यांत मागच्या प्रयोगाच्या रंगाची खपली साचली आहे," वैज्ञानिक म्हणाले. "ती सुटते आणि चमकते. तू महिनाभर तळ्याकडे पाहत होतास, यंत्र तुला स्वतःचं पोट दाखवत होतं. जिथे काहीच नाही तिथे काय दिसतं, हे आधी पाहायचं असतं. तू प्रत्येक अडचणीला त्या जीवाचा सद्गुण म्हणालास."

"आणि माझं उद्याचं भाषण?"

"ते तुझं आहे. मी अडवणार नाही."

शिष्याने परिषदेला भाषण रद्द करण्याचे पत्र पाठवले, बाह्या वर केल्या आणि नळ्या धुवायला घेतल्या. संध्याकाळी पुन्हा शुद्ध पाणी लावले. पडदा कोरा राहिला. त्या कोऱ्या पडद्याकडे तो पहिल्यांदाच समाधानाने पाहत बसला.

ज्यांना आपले म्हणणे जिकडेतिकडे सिद्ध होताना दिसते अशा आपण सर्वांनी एकदा नुसते पाणी लावून पाहावे.