हुकूम आणि अस्वल

“मग तिचंच अस्वल का नाचतं, नाना? माझं का ढिम्म हलत नाही?”

यशोधनने विचारलं अस्वलाबद्दल, पण पोटात दुखत होतं ते सोबत शिकणाऱ्या केतकीमुळे.

नाना गावातल्या आपल्या घरी मुलांना कोड शिकवत. अस्वल दोघांनाही एकच दिलेलं. कुणा चित्रकाराची छोटीशी ॲनिमेशन क्लिप. ती दूरच्या सर्व्हरवरून मागवायची आणि कोडमध्ये स्वतःचा क्लास, म्हणजे हुकमांचा साचा, लिहून तिला नाचवायचं. ज्याचा क्लास नानांना पसंत पडेल, तो उद्या जत्रेतल्या पडद्यावर लागणार होता.

यशोधनने काही म्हणता काही सोडलं नव्हतं. नाच, थांब, उलटी गिरकी घे, वेग वाढव. केतकीचा क्लास तो केवढा, चार ओळींचा! तरी तिचं अस्वल ओसरीवर ठुमकत होतं आणि सगळी शिष्यमंडळी तिच्याभोवती जमली होती.

नानांनी त्याचा कोड शांतपणे वाचला.

“हुकूम चोख आहेत. पण अस्वल यायच्या आधीच सोडलेस.”

“म्हणजे?”

“ते बाहेरून येतं. अजून वाटेत असतं. तू रिकाम्या जागेला नाच म्हणतोस.”

“मालक मी, आणि थांबायचंही मीच?”

“हो...”

तेवढ्यात ओसरीवर टाळ्या पडल्या. यशोधनची मान आपसूक तिकडे वळली. एवढं काय आहे हिच्यात? चार ओळींना टाळ्या! असं जळणं त्याचं त्यालाच ओशाळवाणं वाटत होतं, पण नजर काही तिच्यावरून सुटेना.

इकडे नाना सावकाश बोलत होते. अस्वल पोचेपर्यंत वाट पाहायची तेवढी एक ओळ घाल, म्हणत होते. बाकी तुझ्याइतक्या बारकाईने इथे कुणीच लिहिलेलं नाही, उद्या पडद्यावर तुझाच क्लास लावू. हे एक वाक्य ऐकायला यशोधन वर्षभर त्यांच्या घरी खेटे घालत होता.

टाळ्या ओसरल्या. त्याने वळून पाहिलं. नानांनी लॅपटॉप मिटला होता.

“काही म्हणालात, नाना?”

नाना जागचे उठले.

“तू आलास, की सांगतो.”