पोवळीच्या घटका

खूप मागची गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्हीही जरा कान इकडे करा, कारण ही गोष्ट तुमचीच जास्त आहे. तेव्हा वेळ भिंतीवर टांगलेली नसे, पाण्यात सोडलेली असे. तांब्याची पातळ वाटी घ्यायची, तिच्या बुडाला बारीकसं भोक असायचं, आणि ती पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येई, वाटी भरे आणि गुडुप करून बुडे. बुडली की एक घटका झाली. मग टोपलीत एक चिंचोका टाकायचा आणि वाटी पुन्हा पाण्यावर सोडायची.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे नरहर नावाचा वैद्य राही. घरात तो आणि त्याची दहा वर्षांची लेक पोवळी, एवढीच माणसं. पोवळीची आई ती रांगत असतानाच गेली होती. गावातली पोरं ओढ्यापलीकडच्या पाठशाळेत जात, पण पोवळीला वैद्य घरीच शिकवी. सकाळी वाटी तीनदा बुडेपर्यंत बापलेक पाटी घेऊन बसत. अक्षरं, पाढे, औषधांचे श्लोक. तीन चिंचोके पडले की पाटी पालथी, आणि दोघं निघाली डोंगरावर, नाहीतर रोग्याच्या दारात. कुठलं पान कडू, कुठली साल तुरट, कुणाची नाडी कशी धावते, हे सगळं पोवळीनं असं चालता चालता उचललं होतं.

संध्याकाळी अंगणात पाय धुताना वैद्य रोज एकच विचारी, "काय गं पोवळे, आज काय कळलं?"

पोवळी त्या प्रश्नासाठी दिवसभर काहीतरी जपून ठेवी. "बाबा, शेळी रुईला तोंड लावते, पण कण्हेरीला लावत नाही." नाहीतर, "बाबा, म्हातारबाबांचा ताप उतरायच्या आधी ते सगळ्यांवर चिडतात." वैद्य हसे. कधी म्हणे, "अरेच्चा, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं हो!" त्या दिवशी पोवळी एक भाकरी जास्त खाई.

एकदा गावात बारसं होतं. तिथे सगुणा तेलीण भेटली. बाई वाईट नव्हती हो, तोंडानं फटकळ होती एवढंच. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "वैद्यबुवा, तुमची पोवळी दिवसाला किती घटका अभ्यास करते?"

"तीन," वैद्य म्हणाला.

"अगं बाई! तीनच?" सगुणानं गालावर बोट ठेवलं. "आमचा खंडू बारा घटका बसतो पाठशाळेत. बारा! मग ही पोर उरलेला दिवस काय करते? उंडारते?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पोवळीनं बाबांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

आता खरं सांगू का? खंडूच्या त्या बारा घटकांतल्या दोन हजेरीत जात, चार आपली पाळी यायची वाट बघण्यात जात, एक पंतोजींच्या सुटलेल्या वासरामागे जाई, आणि उरलेल्यात तो चाळीस पोरांबरोबर तेच ते पाढे ओरडे. बाप मांडीला मांडी लावून एकट्या पोरीला शिकवतो, तिथे तीन घटका पुष्कळ झाल्या. वैद्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण चारचौघांत हसू झालं ना, की भल्याभल्यांना आपलंच शहाणपण आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वाटी सहा वेळा बुडाली. महिन्याभरात नऊ. मग बारा. आणि बाराला सगुणाची बरोबरी होते, म्हणून पंधरा!

"बाबा, मी येऊ ना डोंगरावर?" पोवळी विचारी.

"आधी घटका भर. चारचौघांत मान खाली घालायला लावू नकोस." असं म्हणून वैद्य एकटाच झोळी घेऊन निघे. पोवळी वाटीसमोर बसून राही. नेमून दिलेलं तीन घटकांतच संपे. मग तेच पुन्हा लिही, तेच पुन्हा म्हणे, आणि त्यानंतर नुसती वाटीकडे बघत बसे. किती हळू भरते ही मेली! संध्याकाळी वैद्य येई, पायही न धुता टोपलीतले चिंचोके मोजी आणि विचारी, "किती झाल्या?"

"पंधरा, बाबा."

"शाब्बास." झालं, एवढंच बोलणं. काय कळलं हे तो विचारीनासा झाला. पोवळी पहिले काही दिवस वाट बघत राहिली, मग तिनं वाट बघणंही सोडलं.

ज्येष्ठ महिन्यातली गोष्ट. एक दिवस वाटी बुडता बुडेना. पोवळीनं ती उचलून उन्हात धरली, तर भोकात माशीचा पंख अडकलेला. तिनं तो काढला, वाटी सोडली आणि ती चटकन भरली. पोवळी ताठ बसली. म्हणजे भोक लहान झालं की घटका लांबते! आणि मोठं केलं तर? किती दिवसांनी तिच्या डोक्यात असा उजेड पडला होता! बाबा येईपर्यंत तिला दम निघेना. ती दारातच उभी राहिली.

वैद्य आला. "किती झाल्या?"

"बाबा, ऐका ना, एक गंमत..."

"गंमत मागनं. किती झाल्या ते सांग."

"बारा."

"अजून तीन आहेत की! बस जा." आणि तो मुळ्या वाळत घालायला परसात गेला. पोवळीची गंमत पोटातच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं पोती शिवायचं दाभण घेतलं आणि भोकात टोचून जरासं फिरवलं. त्या दिवशी पंधरा घटका जरा लवकर भरल्या आणि ती तेवढा वेळ चिंचेखाली जाऊन बसली. कुणाला काही कळलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा दाभण. श्रावणात पुन्हा. असं करत करत पाऊस सरेपर्यंत घटका अर्ध्यावर आली. वैद्य खूश, कारण चिंचोके आता अठरा पडत होते. पोवळीला लबाड म्हणणारे म्हणोत. पण तिनं टोपलीत एकही चिंचोका जास्तीचा टाकला नव्हता. बापाला आकडा हवा होता आणि तिला सुटका. वाटीनं दोघांनाही हवं ते दिलं.

आश्विनात गावात तापाची साथ आली. सगुणाचा खंडू आडवा झाला. पाच दिवस झाले तरी ताप हटेना. सगुणा वैद्याच्या अंगणात येऊन रडायला लागली. "वैद्यबुवा, माझं एकुलतं एक लेकरू आहे हो!"

अशा तापावर वैद्याकडे एक जालीम औषध होतं. डोंगरात एक कंद मिळे, त्याला तिकडे काळकंद म्हणत. कच्चा पोटात गेला तर माणूस दिवेलागण बघत नसे, आणि त्या विषाला उतारा नव्हता. पण बारा घटका उकळला की विष जाऊन गुण उरे. दोन वर्षांपूर्वी वैद्यानं पोवळीला मांडीवर घेऊन तो उकळायला शिकवला होता. "घटका मोजायच्या, पण घटकांवर विसंबायचं नाही. शेवटी कंद कापून बघायचा. आत पांढरा ठिपका दिसला तर विष अजून आहे, समजलं?"

वैद्यानं चुलीवर मडकं चढवलं. "पोवळे, वाटी आण."

घरात वाटी एकच होती, हे पोवळीला काय ठाऊक नव्हतं? पण गेले चार महिने ती वाटी फक्त तिची झाली होती, तिची बेडी. तिला औषधाची आठवणच राहिली नव्हती.

तिनं वाटी आणली. सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात वैद्य सगुणाला म्हणाला, "घाबरू नका, सगुणाबाई. घटका पोवळी मोजेल. दिवसाला अठरा घटका बसते माझी पोर. मोजण्यात तिचा हात कोण धरणार?"

"अठरा!" रडता रडता सगुणानं पोवळीकडे कौतुकानं बघितलं. आणि पोवळीचं उघडलेलं तोंड मिटलं.

वाटी भराभरा बुडत गेली. एक, दोन, पाच, नऊ. दरवर्षी कंद उकळताना बारा घटका होत तेव्हा कडुनिंबाची सावली उंबऱ्याला लागलेली असे. आज बारावा चिंचोका पडला तेव्हा ती अंगणातल्या पाट्यावरवंट्यापाशीच होती. पोवळी सावलीकडे बघे, मडक्याकडे बघे.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "कापून बघू या का एक?"

"बारा घटका झाल्या ना?"

"झाल्या, पण..."

"मग कापायचं कशाला? इथे पोराचा जीव टांगणीला लागलाय आणि तुझं आपलं भलतंच!" वैद्यानं मडकं उतरवलं. अर्धं विष तरी गेलंच असेल, अशी पोवळीनं मनाची समजूत घातली. कंद कुटून गोळ्या वळल्या गेल्या.

वैद्याच्या घराण्यात एक रीत होती. जालीम औषधाची पहिली गोळी वैद्यानं स्वतः घ्यायची, मग रोग्याला द्यायची. नरहरनं गोळी जिभेवर ठेवली.

"बाबा, नको!" पोवळी किंचाळली. पण गोळी घशाखाली उतरली होती.

थोड्याच वेळात त्याच्या ओठांना मुंग्या आल्या. तो वैद्य होता, त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं मडक्यातला उरलेला कंद काढला आणि विळीवर कापला. आत पांढराशुभ्र ठिपका होता. त्यानं सावलीकडे पाहिलं. मग वाटी उचलून उन्हात धरली, आणि भोकातून उजेडाचा कवडसा त्याच्या गालावर पडला.

"सगुणाबाई, त्या गोळ्या खड्डा करून पुरा," तो म्हणाला. "खंडूला गुळवेलीचा काढा द्या, अंग पुसत राहा." मग तो भिंतीला टेकून खाली बसला. त्याची जीभ जड होत चालली होती. त्यानं पोवळीला जवळ ओढलं.

"काय गं पोवळे," तो म्हणाला, "आज काय कळलं?"

पोवळी त्याच्या छातीवर कोसळली. "भोक मोठं केलं की घटका लहान होते, बाबा!"

"कधी कळलं तुला?"

"ज्येष्ठात."

"आणि मला..." त्याला पुढचं बोलता येईना.

"तुम्ही विचारलंच नाही, बाबा. तुम्ही नुसतं किती झाल्या ते विचारत होतात."

वैद्यानं मान हलवली. तिच्या केसांवर हात ठेवला आणि मोठ्या कष्टानं म्हणाला, "चूक माझी. तुझी नाही." शेजारच्या घरात दिवा लागला तेव्हा तो हात गार पडला होता.

खंडूचा ताप आठ दिवसांनी काढ्यानंच उतरला. सगुणानं पोवळीला आपल्या घरी नेलं, पोटच्या पोरीसारखं वाढवलं, आणि पुन्हा जन्मात कुणाला घटका विचारल्या नाहीत. पोवळी मोठी झाली, वैद्यीण झाली. गावातली पोरं तिच्याकडे शिकायला येऊ लागली. नव्या आया विचारत, "किती घटका शिकवता हो?" तेव्हा ती दाराशी टांगलेली जुनी वाटी त्यांच्या हातात देई. पाण्यात सोडली की वाटी अर्ध्या वेळातच बुडे, आणि आयांना उत्तर मिळे.

संध्याकाळी अंगणात पाय धुताना ती एकेका पोराला विचारी, "काय रे, आज काय कळलं?" पोरं आपापलं सांगत आणि उड्या मारत घरी जात. मग अंगण रिकामं होई. पोवळी तिथेच बसून राही. दिवसभरात तिलाही काहीबाही कळलेलं असे, पण तिला विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

म्हणून सांगते, मुलाला किती वेळ बसलास हे विचारू नका, काय उमगलं हे विचारा, आणि ते सांगत असेल तेव्हा ऐका.