हत्तीच्या गळ्यातला दोर

फार पूर्वी नदीकाठच्या एका तटबंदीच्या नगरात एक कडक नियम होता. नगराच्या दरवाजातून आत जाताना कुणीही अंगावर शस्त्र बाळगायचं नाही. तलवार नाही, कट्यार नाही, बोटाएवढं पातंसुद्धा नाही. एका जत्रेत दोन भावांचं भांडण झालं, एकाच्या कमरेला सुरी होती आणि क्षणात दुसऱ्याचा जीव गेला. तेव्हापासून राजाने हा नियम केला. त्याचे शिपाईसुद्धा नगरात काठीच घेऊन फिरत.

जवळच्या गावातून हैबती आणि त्याची बायको गोजरा दर बाजाराला तिथे येत. दोघं बुरूड. टोपल्या, सुपं विकायची, कुणाची टोपली उसवली तर तिथेच बसून नीट करून द्यायची. त्या कामाला दोघांकडे एकेक लहानशी सुरी असे.

दरवाजावर एक म्हातारे नाईक पहाऱ्याला असत. गोजरा सुरी म्यानासकट त्यांच्या हातात देई. "नाईकबाबा, परतताना घेऊन जाईन."

हैबती मात्र आपली सुरी धोतराच्या कनवटीला खोचून, वरून बंडी ओढून आत शिरे.

"अवं, द्या की तुमचीबी," गोजरा म्हणायची. "कुणी खाऊन टाकत नाही."

"खुळी आहेस," तो हसायचा. "तुझी सुरी दरवाजावरच्या खुंटीला आणि तू दातांनी कामट्या तोडतेस. माझी बघ, लागली की हाताशी!"

तो म्हणत होता ते अगदीच खोटं नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी राजाचा हत्ती घाटावरून सागवानाचा अजस्र ओंडका दोराने वर ओढत होता. बघायला सारं नगर लोटलं होतं. स्वतः राजा घाटाच्या पायरीवर उभा होता. हैबती आणि गोजराही गर्दीत होती.

अचानक ओंडका घसरला. धाडकन नदीत पडला आणि प्रवाहाने त्याला ओढून नेलं. दोर सुटला नाही. त्याचा वेढा हत्तीच्या गळ्याभोवती पडला आणि आवळत गेला. डोंगराएवढं ते जनावर गुडघ्यांवर आलं. त्याने पाय दगडांत रोवले, तरी ते तसूतसूने पाण्याकडे सरकत होतं. त्याच्या घशातून असा आवाज निघाला की पायाखालचे दगड थरथरले.

कुणीतरी कुऱ्हाड आणली. माहूत रडत आडवा झाला. "नको! दोर कातडीत रुतलाय, पुढं सगळा पाण्याखाली गेलाय. कुऱ्हाड मानेत जाईल!"

हैबतीला राहवलं नाही. त्याने कनवटीची सुरी उपसली आणि तो धावला.

पण हत्तीकडे जायची वाट राजाच्या पाठीमागून होती. शिपायांना काय दिसलं? उघडं पातं घेतलेला एक माणूस राजाच्या पाठीशी धावतोय. दोन काठ्या बसल्या, चौघांनी त्याला दगडावर दाबून धरलं, सुरी उडून नदीत पडली.

"हत्तीला सोडवायला निघालो होतो!" तो ओरडत होता. कुणी ऐकत नव्हतं.

गोजरा तटाकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडली, "नाईकबाबा! माझी सुरी!"

दरवाजा घाटाला लागूनच होता. म्हातारे नाईक धापा टाकत खाली आले. "महाराज, ही सुरी या बाईची. दर खेपेला मी न मागता माझ्या हातात देते. हिच्यासाठी मी जामीन."

राजाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "दे तिला."

गोजरा त्या प्रचंड मानेखाली शिरली. तिने तळहात हत्तीच्या गळ्यावर टेकला, तेव्हा आतली धडधड तिच्या हाडांत उतरली. हत्तीने एक डोळा तिच्याकडे वळवला आणि धडपडणं थांबवलं. कातडीच्या घडीत जेमतेम मावणारं ते पातं तिने दोराखाली सरकवलं. ताणलेले पीळ तट तट तुटू लागले. मग एकच कडाका झाला आणि ओंडका वाहून गेला.

हत्तीने श्वास घेतला. त्या श्वासाने गोजराचा पदर उडाला. तो हळूहळू उभा राहिला. चार खांबांसारख्या पायांच्या मधे ती एवढीशी बाई. आणि ती बाहेर पडेपर्यंत त्याने एकही पाय हलवला नाही. कितीतरी हात आपोआप जोडले गेले.

राजाने हैबतीला पुढे आणवलं. "तुझं मन वाईट नव्हतं, हे आता कळलं. पण लपवलेलं पातं मारायला निघालंय की तारायला, हे बघणाऱ्याने कशावरून ओळखावं?"

हैबतीची मान खाली गेली. "चुकलो, महाराज. माझ्यापायी आणखी उशीर झाला असता, तर हत्ती गेला असता."

"पुढच्या जत्रेपर्यंत नाईकांच्या हाताखाली दरवाजावर उभा राहा. लोकांची पाती सांभाळ." मग राजा गोजराकडे वळला. "आणि चूक माझ्या नियमाचीही आहे. ज्याचं पोट पात्यावर आहे, त्याने नाईकांना दाखवून लहान सुरी म्यानात घालून गळ्यात बांधावी. सगळ्यांना दिसेल अशी."

नाईकांनी स्वतःच्या कमरेच्या करगोट्याचा दोरा सोडला, त्यात ते म्यान ओवलं आणि गोजराच्या हातात दिलं. ती गळ्यात बांधत असताना हैबती हळूच म्हणाला, "गोजरे, हाताशी सुरी माझ्या होती. पण वेळेला चालली तुझी."

तात्पर्य इतकंच: हत्यार जवळ असून भागत नाही, ते लोकांच्या डोळ्यांदेखत, नियमाने बाळगलं, तरच गरजेच्या वेळी त्यावर कुणी विश्वास ठेवतं.