ठकू मास्तरीण बाहेर येईपर्यंत

डोंगरमाथ्यावर गाडीरस्ता नव्हता, मेंढरांच्या खुरांनी पाडलेली वाट तेवढी होती, तेव्हाची ही गोष्ट. माथ्यावर धोंडेवस्ती नावाची धनगरांची वस्ती. तिथं एका खोलीची शाळा होती, पण मास्तर टिकत नसे. कुणी पाण्यापायी जाई, कुणी वाऱ्यापायी. शेवटचा मास्तर तर धुतलेलं धोतर दोरीवर तसंच सोडून गेला, असं म्हणतात.

मग वस्तीनं ठरवलं, आपला मास्तर आपणच घडवायचा. धनगर उन्हाळ्यात खाली जाऊन शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात. रातभराच्या लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि शेतकरी त्याबदली धान्य देतो. दर घरानं आपल्या एका रातीचं धान्य शिकणाऱ्यासाठी बाजूला काढायचं, असं ठरलं. अट एकच. शिकून यायचं आणि माथ्यावरच शिकवायचं.

पहिली निघाली ठकू. वस्तीतल्या थोरल्या केरबा आजानं तिच्या कपाळाला भंडारा लावला. ती बिरोबासमोर म्हणाली, "जिथं मास्तर टिकत न्हाई, तिथं मी टिकीन."

तिचा धाकटा भाऊ सिदा मागं उभा होता. "आधी तव्यावर भाकर टिकव," तो म्हणाला. "अजून करपती तुझी." सगळे हसले, ठकूही हसली.

ती शिकली. शहरातल्या शाळेनं तिला तिथंच राहायचा आग्रह केला. सिदा तिला आणायला गेला होता. तो म्हणाला, "ऱ्हा की अक्का. कोण बघाय येतंय?"

"ज्यांच्या जिवावर शिकले ती मेंढरं बघत्यात," ठकू म्हणाली आणि चालू लागली.

तिच्या शाळेवरून जाताना कळपातला एडकासुद्धा ओरडत नसे, असं म्हणतात. पोरं तरटावर बसत. माथ्यावर दगडादगडाखाली फुरशी, बोटभर जाडीचे विषारी साप, म्हणून रोज सकाळी पोरं यायच्या आधी ठकू एकटी आत जाई आणि तरट झटकून घेई. पोरांनी अंगणात थांबून पाढे म्हणायचे. ती दारात आली की थांबायचं.

एका सकाळी सिदा मेंढरं घेऊन शाळेखालच्या उतारावर होता. पाढे ऐकू येत होते. ऊन डोक्यावर आलं तरी पाढे चालूच. सिदाला चैन पडेना. तो वर आला. पोरांचे घसे बसले होते.

"अरे, थांबा की," तो म्हणाला.

बनू नावाच्या पोरीनं पाढा न तोडता मान हलवली. शेजारचा पोरगा म्हणाला, "बाईंनी आतनं सांगितलंया. मी भाईर येस्तोवर थांबायचं न्हाई आन् आत यायचं न्हाई."

सिदा आत गेला. ठकू पालथ्या घमेल्यावर बसली होती, भिंतीला पाठ टेकून. डोळे दाराकडं. सिदानं हाक मारली. मग हात धरला. मनगटावर दातांच्या दोन खुणा होत्या आणि हात थंड लागला. त्यानं तिला उचललं. घमेलं कलंडलं आणि खालून जिवंत फुरसं सरपटत निघालं.

त्यानं काठीनं ते ठेचलं आणि बहिणीला खांद्यावर घेऊन तो मागच्या खिडकीतून उतरला. पोरांसमोरून तिला न्यायचं धाडस त्याला झालं नाही. अंगणात पाढे चालूच होते.

ते थांबलेच नाहीत, असं म्हणतात. एक दमला की दुसरा सुरू करी. आयांनी समजावलं, केरबा आजानं समजावलं. पोरं म्हणत, बाई अजून बाहेर आल्या नाहीत.

सिदाच्या डोळ्याला पाणी आलं नाही. सुतकाचे दिवस पार पडले आणि केरबा आजा धान्याचं पोतं घेऊन त्याच्या दारात आला. "औंदाचं शिकणारीचं धान्य," तो म्हणाला. "बनूला धाडू. तू घेऊन जा."

"एक पुरली न्हाई व्हय तुमाला?" सिदा म्हणाला. त्यानं कोयत्यानं पोतं फाडलं, जोंधळा मातीत ओतला आणि मेंढरांभोवतीची जाळीची वाघूर उघडून भुकेला कळप त्यावर सोडला.

एकाही मेंढरानं दाण्याला तोंड लावलं नाही, असं म्हणतात. सगळा कळप शाळेकडं मान करून उभा राहिला.

"ही खाईनात," आजा म्हणाला. "आन् ती पोरं थांबंनात. बाई येणार न्हाई, हे तू तरी सांगून ये."

सिदा सांगायला गेला. अंगणात बनू पाढा म्हणत होती. आवाज पार गेला होता, नुसते ओठ हलत होते. तिनं सिदाकडं पाहिलं आणि मग त्याच्या मागं, दाराकडं पाहिलं. सिदा न सांगताच परत आला, मातीत बसला आणि जोंधळा वेचू लागला.

ते फाटकं पोतं शिवून, डोक्यावर घेऊन तोच बनूला शहरात सोडून आला.

वर्षं गेली. अंगणातली पोरं मोठी होऊन मेंढरांमागं गेली, त्यांच्या जागी धाकटी आली. पाढे चालू राहिले. मग बनू शिकून परतली. सकाळी एकटी आत गेली, तरट झटकलं आणि दारात येऊन उभी राहिली.

"बास," ती म्हणाली.

पाढे थांबले. खाली उतारावर सिदाला एकदम वारा ऐकू आला. मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू आल्या. तो कळपात खाली बसला आणि तेव्हा कुठं बहिणीसाठी रडला.

आता माथ्यावर डांबरी रस्ता आहे. तरी दर घर एका रातीचं धान्य शिकणाऱ्यासाठी काढतं. त्या रातीला ठकूची रात म्हणतात. शिकून आलेली बाई असो की मास्तर, पहिल्या सकाळी एकट्यानं आत जायचं, तरट झटकायचं आणि दारातून बाहेर यायचं. तोवर अंगणात पाढे चालतात.

एकदा एक तरणा मास्तर आत गेला आणि बाहेरच येईना. तरट हातात धरून रडत होता, असं म्हणतात. पोरं एकोणतिसाच्या पाढ्यापाशी आली आणि पुन्हा बे एके बे पासून लागली. लवकर या, असं कुणी म्हटलं नाही.