आतून पाहिलेली लिफ्ट

चिपळूणच्या एका नव्या इमारतीत भरदुपारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत हेमलताबाई आणि दम्याने बेजार झालेल्या त्यांच्या सासूबाई. दिवा गेला, पंखा थांबला.

"हेमा, जीव गुदमरतोय गं," म्हणत सासूबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

हाका मारून घसा कोरडा पडला, पण इमारत अजून निम्मी रिकामीच होती. मोबाइलच्या उजेडात भिंतीवर कंपनीचे दोन नंबर दिसले. तक्रारीचा नंबर मिनिटामिनिटाला पैसे कापणारा. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," हे ऐकता ऐकताच सगळा बॅलन्स संपला. उरला नव्या लिफ्टच्या खरेदीचा फुकटचा नंबर. त्यांनी तो लावला. पहिल्याच घंटीला विक्रीसाहेब हजर!

"लिफ्ट अडकलीय हो, सासूबाईंना श्वास..."

"तक्रारी त्या नंबरवर करा, बाई. इथे आम्ही फक्त गिऱ्हाइकांशी बोलतो."

सासूबाईंची छाती भात्यासारखी हलत होती. हेमलताबाईंनी सूर बदलला.

"मग गिऱ्हाईक म्हणूनच बोलते. मी सोसायटीची सेक्रेटरी. मागच्या इमारतीला दोन लिफ्ट घ्यायच्यात."

"अहो मॅडम, आधी नाही का सांगायचं!" साहेबांच्या जिभेवर साखर आली. "एकदा आमच्या लिफ्टच्या आत उभ्या राहून तर बघा! कधी येताय बघायला?"

"आतच उभी आहे, साहेब. आता ही उघडून दाखवा, मग त्या दोन लिफ्टचं बोलू."

मेकॅनिक धावत आला. दार उघडेपर्यंत हेमलताबाईंनी फोन कानापासून हलवला नाही, आणि सासूबाईंनी त्यांचा हात सोडला नाही.