वीतभर ध्रुव

फार जुनी गोष्ट आहे, नकाशे निघायच्याही आधीची. एका राज्यात एक म्हातारी जोशीण राहायची. हात लांब धरून, बोटं ताणून ती क्षितिजापासून ध्रुवतारा मोजायची. तिच्या नगरात ध्रुव बरोबर एक वीत वर दिसे. हे माप तिने आपल्या एकुलत्या मुलाला शिकवलं. मुलगा पुढे राजाचा सेनापती झाला.

राजाला पूर्वेच्या शेजाऱ्यांचा भारी राग. त्याने सेनापतीला हुकूम दिला, "ध्रुव एक वीत ठेवून सरळ पूर्वेला जा. वाटेत येईल ते गाव जाळ. पृथ्वी संपेल तिथे थांब. कोण आपला, कोण परका, हे विचारत बसू नकोस. मरायची वेळ आली की सगळेच आपले होतात."

म्हातारी दरबारात आली. "महाराज, ही रेघ कुठे संपत नाही. बांगडीसारखी आहे ती. सरळ गेलेला माणूस शेवटी आपल्याच मागच्या दाराशी येतो. हुकूम मागे घ्या."

"आजी, तुम्ही पोरासाठी रडताय," राजा हसून म्हणाला. "रडा. त्यात पृथ्वीला कशाला ओढता?"

दरबारही हसला. दरबाराला हसायला काय लागतं?

निघताना आई मुलाला म्हणाली, "पश्चिमेच्या वेशीत मी रोज उभी राहीन, हाताची वीत करून. ती बघून थांब."

फौज निघाली. गावं जळली, वाळवंटं मागे पडली, गलबतांतून समुद्र ओलांडले. मुलूख परके होते, पण दिवस मात्र सगळीकडे घरच्याएवढाच मोठा. त्याचं नवल वाटायला कुणाला सवड नव्हती. जुने शिपाई मेले, वाटेत नवे भरती झाले. प्रत्येक गावात बायका हात वर करून पुढे यायच्या. पहिल्या वर्षी सेनापती त्यांच्याकडे बघायचा. पुढे बघेनासा झाला.

विसाव्या वर्षी एक नगर लागलं. राजाने पूर्वेला तिहेरी तट बांधला होता, पश्चिमेला नुसतं कुंपण होतं. त्या बाजूने सेनापतीने आपलं नगर कधी पाहिलंच नव्हतं.

एक थकलेला म्हातारा धावत पुढे आला. "थांबा, मी तुमचा राजा आहे."

"सगळीकडे हेच सांगतात," सेनापती म्हणाला, आणि त्याने तलवार चालवली.

वेशीत एक म्हातारी हात वर करून उभी होती. तिच्याकडे त्याने वळून पाहिलं नाही. मशाली आत गेल्या.

संध्याकाळी राख निवत असताना त्याने सवयीने हात लांब केला, बोटं ताणली. ध्रुव एक वीत वर होता. त्याच्या खाली दोन सुळक्यांची टेकडी होती. हीच टेकडी दाखवून आईने त्याला माप शिकवलं होतं.

त्याने आपल्या ताणलेल्या बोटांकडे पाहिलं. दुपारी वेशीतला तो हात असाच होता.

तो वेशीकडे धावला. तिथे उचलून घ्यावं असं काही उरलं नव्हतं.

तात्पर्य : परक्या आईचा वर केलेला हात ज्याला दिसेनासा होतो, त्याला आपल्या आईचाही दिसत नाही.